पिवळ्यावर जांभळा

काळे केस ब्लीच करून सोनेरी, राखाडी किंवा कॅरमल करून घ्यायचे आणि मग त्यात डोकावणारा पिवळेपणा जांभळ्या शॅम्पूने आवरत राहायचं, हे आता मुंबई-पुण्यापुरतं राहिलेलं नाही. तालुक्याच्या गावातल्या पार्लरच्या फळीवरही ती जांभळी बाटली दिसते. या बाटलीवरून माझ्या घरातल्या दोघींचं मुळीच पटत नाही. मावशी डोंबिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली. तिने केसांना कधी रंग लावला नाही आणि आज ते पूर्ण पांढरे आहेत. तिची भाची, म्हणजे माझी धाकटी बहीण, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सलूनमध्ये कलरिस्ट आहे. दोघींनाही आपापल्या कामाची मनापासून कळकळ आहे, म्हणून त्यांचा वाद ऐकावासा वाटतो. एका रविवारी जेवणं झाल्यावर रंगलेला हा वाद मी आठवेल तसा उतरवला आहे. जिथे राहवलं नाही तिथे मीही मध्ये बोलले आहे.

मावशी: मला तुझ्या धंद्यातलं एक गणित समजत नाही. आधी केसातला रंग काढायचा. तो पुरता निघत नाही, मागे पिवळा उरतो. पिवळा नको म्हणून वर जांभळा चढवायचा. तो चार वेळा न्हाल्यावर उतरतो, की पुन्हा चढवायचा. एवढी उस्तवार करण्यापेक्षा होते ते केस काय वाईट होते?

भाची: वाईट होते असं मी कुणालाच सांगत नाही. बाई माझ्या खुर्चीत बसते तेव्हा तिचं ठरलेलं असतं. तिला आवडतं, तिच्या पैशांनी करते, तिचे केस आहेत. माझं काम ते कमीत कमी नुकसानीत करून देणं. आणि या सगळ्या उस्तवारीत जांभळा शॅम्पू ही सगळ्यात गरीब वस्तू आहे. ब्लीच केसाच्या आत शिरून तोडफोड करतं. हा बिचारा वरच्या वर बसतो आणि पाण्याबरोबर निघून जातो.

मावशी: वरच्या वर बसतो म्हणजे काय होतं, ते नीट सांग.

भाची: परीक्षा घेतेस? घे. नेहमीचा हेअर कलर दोन भागांचा असतो. ट्यूबमधलं क्रीम आणि डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही मिसळले की रंग केसाच्या आत तयार होतो आणि तिथेच अडकतो. जांभळ्या शॅम्पूत डेव्हलपर नाही. त्यातला रंग आधीच तयार आहे. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात सीआय ६०७३० असं लिहिलेलं बऱ्याचदा सापडेल. तो अ‍ॅसिड व्हायोलेट ४३. तो केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर आणि त्यांच्या जरा खाली चिकटतो. तिथे कसलीच अभिक्रिया होत नाही.

मावशी: बरोबर. मग पुढचा प्रश्न. तो माझ्या पांढऱ्या केसापेक्षा तुझ्या ब्लीच केलेल्या केसावर जास्त पटकन का चढतो?

भाची: कारण ब्लीच केलेला केस पोरस असतो.

मावशी: पोरस हा तुमचा पार्लरचा शब्द झाला. तिथे काय घडलंय ते मी सांगते. केसाच्या सगळ्यात बाहेरच्या थराला एका मेदाम्लाचं अस्तर असतं, १८-एमईए म्हणतात त्याला. त्यानेच केस पाणी झटकतो, बोटांना गुळगुळीत लागतो. ब्लीच अल्कधर्मी असतं, त्यात पेरॉक्साइड आणि परसल्फेट. ते हे अस्तर काढून टाकतं, आतले डायसल्फाइड बंध तोडतं आणि त्या जागी सिस्टेइक आम्ल उरतं. केसावर ऋण भार वाढतो, केस पाणी पिऊ लागतो, आणि पाण्याबरोबर त्यात विरघळलेला रंगही आत येतो. म्हणजे तुझी ती गरीब बाटली इतकी छान काम करते, कारण तिच्याआधी केस बिघडलेला असतो.

भाची: हे मी कधी नाकारलं? उलट रोज डोळ्यांसमोर बघते. लांब केसांच्या टोकांवर दोनदा-तीनदा ब्लीच होऊन गेलेलं असतं, मुळांकडे एकदाच. शॅम्पू सगळीकडे सारखा लावला तर मधला भाग छान बेज होतो आणि टोकं लव्हेंडर. चक्क फुलासारखी लव्हेंडर. क्लायंट घाबरून फोटो पाठवते. म्हणून मी शिकवते की आधी जिथे जास्त पिवळं आहे तिथे लावायचं आणि टोकांना अगदी शेवटी, धुवायच्या अर्धा मिनिट आधी. पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटंच. एक बट टॉवेलने टिपून, खिडकीशी उजेडात बघायची. ओला केस नेहमी गडद दिसतो, त्यामुळे बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली अंदाज हमखास चुकतो. कमी वाटलं तर पुढच्या वेळी पाच मिनिटं. आणि हातात ग्लोव्हज, नाहीतर नखांच्या कडेला दोन दिवस जांभळी रेघ राहते.

या ठिकाणी मला मावशीचं म्हणणं जितकं पटलं तितकंच बहिणीचंही. बाटलीवर 'तीन ते पाच मिनिटं' असं छापलेलं असतं, पण ते कुणाच्या केसांसाठी हे छापलेलं नसतं. टोकांना एक मिनिट आणि मुळांना चार, ही अक्कल विकत मिळत नाही. ती कुणीतरी केस हातात धरून दाखवावी लागते.

मावशी: दुसरी गोष्ट. या शॅम्पूने केस उजळतात असं बायका म्हणतात. मी लिफ्टमध्ये ऐकलंय. हे साफ चूक आहे. पिवळा केस पिवळा का दिसतो? तो प्रकाशातला निळा भाग गिळतो म्हणून. जांभळा रंग काय करतो? तो पिवळा-हिरवा भाग गिळतो. आता दोघांनी मिळून जास्त प्रकाश गिळला. केसावरून डोळ्यांपर्यंत येणारा प्रकाश कमी झाला. केस उजळला नाही, उलट किंचित काळवंडला. फक्त पिवळ्याकडे असलेला कल गेला, म्हणून डोळ्याला तो स्वच्छ वाटतो.

भाची: पण डोळ्याला वाटतं तेच तर आम्ही विकतो! आणि तू हे मला सांगावंस? तुझ्याच घरात आजोबांच्या धोतरांना नीळ घालायची पद्धत होती ना?

मावशी: होती. माझ्या आईने मला नीळ कशी घालायची ते शिकवलं. रॉबिन ब्लूची पूड फडक्यात बांधून बादलीत फिरवायची. ती अल्ट्रामरीन, पाण्यात न विरघळणारा निळा रंग. नीट ढवळली नाही तर कपड्यावर निळे ठिपके पडायचे, आणि आई ते धोतर परत धुवायला लावायची. नंतर उजाला आली. केरळात १९८३ साली ज्योती लॅबोरेटरीज सुरू झाली, तिची. ती निळी नाही, जांभळी आहे, आणि पाण्यात पूर्ण विरघळते. म्हणून ठिपके नाहीत. तत्त्व तेच. पिवळ्याच्या समोरचा रंग थोडासा घालून पिवळा मारायचा. तुझा शॅम्पू म्हणजे केसांची उजाला, हे मला मान्य.

भाची: मग वाद कुठे उरला?

मावशी: नीळ घातल्याने मळका कपडा स्वच्छ होत नाही, तिथे उरला. आई आधी धोतर दगडावर धुवायची, खळबळून घ्यायची, साबण पुरता काढायची, आणि शेवटच्या पाण्यात नीळ. मळावर नीळ घातली तर धोतर राखट, मळकट निळं होतं. तुमच्याकडे किती बायका मळावर नीळ घालतात?

आमच्या बहिणीने या प्रश्नावर लगेच उत्तर दिलं नाही. तिने मोबाइल काढला आणि तिच्या कामाच्या फोटोंत शोधून एक फोटो मावशीसमोर धरला. फॉइल उघडून घेतलेला फोटो, एकाच डोक्याच्या चार बटा, चार वेगवेगळ्या रंगांच्या. माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म त्या फोटोत होतं, म्हणून त्याबद्दल ती जे बोलली ते न कापता देते.

भाची: हे बघ. आपल्या मराठी बायकांचे केस बहुतेक लेव्हल एक, दोन, फार तर तीन. एक म्हणजे काळाकुट्ट आणि दहा म्हणजे सगळ्यात फिका, असं आमचं माप आहे. ब्लीच लावलं की काळा थेट पिवळा होत नाही. आधी तांबूस तपकिरी होतो. मग लाल. मग लालसर नारिंगी, मग भडक नारिंगी, साधारण सातव्या लेव्हलला. आठव्याला नारिंगी-पिवळा. नवव्याला पिवळा. दहाव्याला फिकट पिवळा, आमच्याकडे केळ्याच्या सालीची आतली बाजू म्हणतात तो. जांभळा शॅम्पू कामाला येतो तो फक्त शेवटच्या दोन पायऱ्यांवर. पिवळ्याच्या समोर जांभळा आहे. नारिंगीच्या समोर निळा आहे. लालच्या समोर हिरवा. सातव्या लेव्हलच्या नारिंगी केसाला कुणी आठवडाभर जांभळ्या शॅम्पूत बुडवून ठेवलं तरी तो राखाडी होणार नाही. फार तर त्याच्यावर एक मेलेली, मातकट झाक येईल. तिथे निळा शॅम्पू लागतो, आणि तोसुद्धा नारिंगी तपकिरी करतो, सोनेरी करत नाही.

मावशी: आणि लेव्हल दोनचा केस नवव्यापर्यंत एका बैठकीत नेता येतो?

भाची: नाही. म्हणजे लोक नेतात, ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर लावून, म्हणजे बारा टक्के पेरॉक्साइड. मी वीसच्या पुढे जात नाही, सहा टक्के. त्याला वेळ लागतो. दोन बैठका, कधी तीन, मध्ये काही आठवड्यांचा विसावा. क्लायंटला मात्र एका दुपारी अ‍ॅश ब्लाँड हवा असतो, मोबाइलमध्ये फोटो तयार असतो. फोटोतली मुलगी मुळात लेव्हल सहाची, उजेड खिडकीचा, वर फिल्टर. हिच्या केसांना सातव्यावर थांबवणं भाग असतं, कारण पुढे गेलं तर केस ओला असताना रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो. मग नारिंगी घेऊन तिला घरी कसं पाठवायचं? काही ठिकाणी सरळ जांभळी बाटली हातात देतात. 'आठवड्यातून दोनदा लावा मॅडम, हळूहळू उतरेल.' ते उतरत नाही. महिन्याने ती बाई माझ्याकडे येते, अर्धी संपलेली बाटली पर्समधून काढून दाखवते आणि विचारते, माझ्या केसांतच काही दोष आहे का?

मावशी: हीच मळावर घातलेली नीळ.

भाची: हो. हीच. तू म्हणालीस तेव्हा मला तीच आठवली. कुठल्या सलूनमधून आली होती ते मी विचारलं नाही. तिला पुन्हा ब्लीच मारलं नाही. सातव्या लेव्हलच्या नारिंगीवर कॅरमलचा डेमी-पर्मनंट रंग दिला, म्हणजे त्या नारिंगीशी भांडण न करता तिलाच कामाला लावलं. ती आरशात बघून रडायला लागली. म्हणाली, मला हेच हवं होतं, फक्त याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

मावशीला इथे विजय मिळाला असं वाटलं असावं, कारण ती सोफ्यावर सरसावून बसली.

मावशी: मग माझं मूळ म्हणणं ऐक. पिवळा, तांबूस, मधाळ हा काळ्या केसाचा आतला स्वभाव आहे. काळ्या-तपकिरी युमेलानिनच्या पोटात लाल-पिवळं फिओमेलानिन असतं. काळं आधी फुटतं, लाल-पिवळं चिवट राहतं. सगळं रंगद्रव्य काढलं तरी केराटिन स्वतःच फिकट पिवळं असतं. म्हणजे पिवळा हा दोष आलेला नाही, तो झाकण काढल्यावर दिसलेला केस आहे. त्याला 'ब्रासी' म्हणून नावं ठेवायची आणि तो घालवायला बाटली विकायची, हा उद्योग मला खटकतो. आपल्या कातडीला मधाळ रंग शोभतो. मग राखाडीचा एवढा हट्ट कशाला?

भाची: कारण काहींना राखाडीच शोभतो! तुला वाटतं सगळ्या मराठी बायकांची कातडी एकसारखी आहे? माझ्याकडे सावळ्या रंगाची एक मुलगी येते, तिच्या त्वचेत निळसर छटा आहे. तिला कॅरमल दिलं की चेहरा थकलेला दिसतो. मोती-राखाडी दिली की डोळे पुढे येतात. हे मी दहा जणींवर रंगाचं कापड धरून बघितलंय. मधाळ छान आणि थंड रंग नकली, हे तुझं मत आहे, मावशी. ते रसायनशास्त्र नाही.

मावशी: (थोडं थांबून) हे खरं आहे. ते माझं मत आहे.

भाची: आणि त्या मुलीसाठी जांभळा शॅम्पू हा चोचला नाही. तो नसता तर तिला दर तीन-चार आठवड्यांनी सलूनमध्ये येऊन टोनर लावावा लागला असता. टोनरमध्ये कमी का होईना, डेव्हलपर असतो. प्रत्येक वेळी केस पुन्हा थोडा उघडतो. आता ती आठवड्यातून एकदा घरी शॅम्पू लावते आणि टोनरला तीन महिन्यांनी येते. म्हणजे माझा धंदा कमी झाला आणि तिचे केस वाचले. तू ज्याला उद्योग म्हणतेस त्यात हेही आहे.

या दोन उत्तरांनंतर माझा तराजू बहिणीकडे झुकला. मावशीचं पिवळ्याबद्दलचं शास्त्र बिनचूक होतं, पण त्यातून 'म्हणून पिवळाच ठेवा' हा निष्कर्ष निघत नाही. कुणाला काय शोभतं ते शास्त्र ठरवत नाही, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर काय शोभावं हे आपण ठरवू नये. पण पुढचा भाग पुन्हा मावशीचा झाला.

मावशी: क्लायंटला मेंदीचं विचारतेस का?

भाची: पहिला प्रश्न तोच असतो. मेंदी असेल तर ब्लीचने लाल-नारिंगीच्या पुढे जाणं फार कठीण. मेंदीतलं लॉसोन केराटिनला धरून बसतं.

मावशी: एवढं पुरत नाही. मेंदी कशात भिजवली होती, ते विचार. आपल्याकडे निम्म्या घरांत ती लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात, आवळ्याची पूड घालून रात्रभर भिजवतात. सकाळी ती काळी होते, कारण लोखंड आणि टॅनिन यांचं संयुग बनतं. ते लोह केसात बसतं. त्यावर पेरॉक्साइड घातलं की धातू पेरॉक्साइडला झपाट्याने फोडतो. केस गरम होतो, चटका बसतो, तुटतो. बाजारातल्या काही रेडिमेड मेंद्यांत तर धातूंचे क्षारच असतात.

भाची: कढईचं मी विचारत नाही. 'मेंदी लावता का' एवढंच विचारते.

मावशी: उद्यापासून विचार. आणि थोडे केस कापून वाटीत पेरॉक्साइडमध्ये टाकून बघ. बुडबुडे आले, वाटी कोमट झाली, तर हात लावू नकोस.

भाची: स्ट्रँड टेस्ट करतेच मी, कानामागची बट घेऊन. पण ती ब्लीच किती चढतं ते बघायला. हे दुसरं त्यात घालते.

मावशी: पाण्याचंही विचार. तुमच्या घोडबंदरला टँकर येतात, बोअरचं पाणी येतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम रंगहीन असतात, पण केसावर त्यांचा थर बसला की तो निस्तेज होतो. लोह असलं तर तांबूस झाक, तांबं असलं तर हिरवट. ब्लीच केलेला, ऋण भार असलेला केस हे धन आयन आणखी ओढून घेतो. बाई म्हणते, पुन्हा पिवळं झालं, आणि जांभळा शॅम्पू वाढवते. तो त्या थराला हातही लावत नाही.

भाची: त्यासाठी आमच्याकडे कीलेटिंग शॅम्पू असतो. ईडीटीए असलेला. महिन्यातून एकदा, जांभळ्याच्या आधी.

मावशी: ईडीटीए! कॉलेजात पाण्याचा जडपणा मोजायला तेच वापरायचो आम्ही. एरिओक्रोम ब्लॅक टी टाकायचं, पाणी वाइनच्या रंगाचं लाल व्हायचं आणि ब्युरेटमधून ईडीटीए थेंबथेंब सोडत गेलं की एका थेंबाला ते निळं व्हायचं. मुलं त्या एका थेंबासाठी श्वास रोखून उभी असायची. तुझ्या सलूनच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आण. माझा एक विद्यार्थी आता पाण्याच्या लॅबमध्ये आहे, त्याच्याकडून मोजून घेऊ.

मला त्या क्षणी दोघींचा हेवा वाटला. वाद सुरू असताना दोघींनी एकमेकींच्या कामाची जागा झाडून दिली होती. तेलाच्या बाबतीत तर अजूनच. ब्लीच केलेल्या बायकांपैकी पुष्कळ जणी रंग उतरेल या भीतीने तेल बंद करतात. मुंबईतल्या मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. केस धुण्याआधी लावलेल्या खोबरेल तेलाने केसातल्या प्रथिनांची गळती कमी झाली, ब्लीच केलेल्या केसातही. बाकीच्या दोन तेलांनी तसं झालं नाही. अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीचा होता हे मावशीनेच सांगितलं, पण त्याची कारणमीमांसाही सांगितली. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं असल्याने ते केसाच्या आत शिरतं. बहिणीने त्याला फक्त एक पुरवणी जोडली: तेलाच्या दिवशी जांभळा शॅम्पू लावायचा नाही, कारण तेलाच्या थरावर रंग नीट बसत नाही, डाग पडतात. तेल एका न्हाण्याला, जांभळा दुसऱ्या.

भाची: आता माझी पाळी. मावशी, तुझे केस मागून पिवळे दिसतात.

मावशी: काय?

भाची: पांढरे आहेत, पण माथ्याकडे आणि टोकांना पिवळी झाक आहे. तू सकाळी गच्चीवर उन्हात बसतेस. ऊन केराटिनलाच पिवळं करतं. त्यात बोअरचं पाणी. तुझ्या केसात मेलानिन नाही, ब्लीचचा स्पर्श नाही, बिघडलेलं काही नाही. जांभळ्या शॅम्पूला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. इंग्लंड-अमेरिकेत म्हाताऱ्या बायका कितीतरी वर्षं निळी-जांभळी रिन्स लावायच्या, यासाठीच.

मावशी: त्यातल्या कित्येकींचे केस निळे दिसायचे, मी सिनेमात पाहिलंय.

भाची: कारण जास्त व्हायचं. तुला मी एक मिनिट सांगते. तुझा केस शाबूत आहे, तो रंग पटकन धरणारही नाही. सवय म्हणून नको, महिन्यातून दोनदा.

मावशी: आणि अ‍ॅलर्जी?

भाची: कानामागे थेंब लावून दोन दिवस थांब. हे मी सगळ्यांनाच सांगते.

मावशी: तुला माहीत आहे का, पहिला कृत्रिम रंग जांभळाच होता. विल्यम पर्किन, १८५६, लंडन. अठरा वर्षांचा मुलगा. मलेरियावरचं क्विनाइन बनवायला निघाला होता आणि भांड्यात काळा चिखल मिळाला. तो धुताना अल्कोहोल जांभळं झालं. त्याने ते फेकलं नाही, कापड बुडवून बघितलं. तुझ्या शॅम्पूतला रंगही त्याच डांबराच्या घराण्यातला. (जरा वेळाने) एक मिनिट म्हणालीस? मी आधी गळून पडलेल्या केसांवर करून बघेन. घड्याळ लावून. अर्धा मिनिट, एक, दोन, आणि उन्हात शेजारी शेजारी ठेवून.

भाची: कर. मला फोटो पाठव, पण खिडकीच्या उजेडात.

मावशी: पण तुझं ब्लीच मला अजूनही मान्य नाही. आणि त्यात तुझा खोकला. परसल्फेटच्या धुळीने पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना दमा लागतो, हे नोंदलेलं आहे. मास्क लावतेस?

भाची: लावते. पावडर कालवताना पंखा बंद करते आणि कमी धूळ उडणारी पावडरच मागवते. मालकीणबाईंना एक्झॉस्टही बसवायला लावलाय.

मावशी: बरं. मग शेवटचं. ज्या बाईचे केस सातव्या लेव्हलला थांबले, तिने जांभळी बाटली मागितली तर?

भाची: तर देणार नाही. तिच्याच कापलेल्या टोकांचे दोन झुपके करेन, एक जांभळ्यात आणि एक निळ्यात भिजवेन, आणि दोन्ही टिपून तिच्या हातात ठेवेन.

मावशी: आणि हे ब्लीच करायच्या आधी सांगणार की नंतर?

भाची: आधी. तू म्हणतेस म्हणून नाही, मलाही आता तेच वाटतं. तिचे केस कुठल्या लेव्हलपर्यंत जातील ते स्ट्रँड टेस्टला कळतं. म्हणजे घरी कुठली बाटली लागेल, की लागणारच नाही, हेही तेव्हाच कळतं. ते ऐकून तिला अ‍ॅशऐवजी कॅरमल घ्यावंसं वाटलं तर ती तिथेच ठरवेल, फॉइल लावायच्या आधी.

मावशी: ती म्हणाली, तुम्ही नाही दिलीत तर मी ऑनलाइन मागवते?

भाची: मागवू दे. पण तिच्या कार्डावर मी लेव्हल सात लिहिलेलं असेल, मेंदी आणि कढईचं उत्तर लिहिलेलं असेल, पाणी टँकरचं की नळाचं तेही, आणि एक प्रत तिच्या पर्समध्ये असेल. पुढच्या सलूनवालीला निदान ते वाचता येईल.